चुकण्याची मुभा आणि कर्जाचा हप्ता

चित्रपट किंवा माध्यमकला या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे की नाही, हा प्रश्न ठाण्यातल्या घरांत साधारणपणे मे-जून महिन्यांत, पदवीचे निकाल लागण्याच्या सुमारास निघतो आणि बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने सुरू होतो. वडील विचारतात, नोकरी लागेल का. मुलगी सांगते, की मालिकांचे सेट चालू आहेत, काम मिळते. एखादा मामा एखाद्या यशस्वी दिग्दर्शकाचे नाव घेऊन विचारतो, की तो कुठे शिकायला गेला होता? जनसंवादाच्या पदवी वर्गाला बरीच वर्षे शिकवत असल्यामुळे आणि शिफारसपत्र मागायला येणाऱ्या मुलांसोबत त्यांचे पालकही येत असल्यामुळे हा संवाद मला आता पाठ झाला आहे. त्यात एक प्रश्न सहसा येत नाही, तो म्हणजे हे शिक्षण कोणाच्या पैशाने घ्यायचे. मला तोच मुख्य प्रश्न वाटतो, कारण चित्रपटाच्या शिक्षणातून विद्यार्थ्याच्या पदरात काय पडते, हे त्या पैशाच्या स्वरूपावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने कर्ज काढले काय किंवा वडिलांच्या बचतीवर तो शिकला काय, पुलावरच्या भाराचे गणित दोघांना सारखेच येते. चित्रपटाचे तसे नाही. कॅमेरा हाताळणे, ध्वनिमुद्रण, संकलनाचे सॉफ्टवेअर, दृश्यांचे रंग जुळवणे या गोष्टी आज सहा महिन्यांत शिकता येतात. ठाण्याच्या राम मारुती रोडपासून वाशीच्या सेक्टर १७पर्यंत त्या शिकवणाऱ्या वर्गांच्या पाट्या दिसतात आणि त्यांतले काही वर्ग आपले काम चोख करतात. पदव्युत्तर शिक्षणाचा गाभा त्याच्या पुढे सुरू होतो. एखादे दृश्य आपण मनात पाहिले होते तसे पडद्यावर का उतरले नाही, हे शिक्षकांच्या आणि सहाध्यायांच्या समोर बसून ऐकणे, ते पुन्हा करणे, पुन्हा फसणे, आणि दोन-तीन वर्षांच्या शेवटी आपल्याला काय दिसते व काय दिसत नाही याचा थोडाफार अंदाज येणे, एवढेच त्या शिक्षणाचे फळ आहे. त्यासाठी चुकण्याची मुभा लागते. डोक्यावर पंधरा लाखांचे कर्ज असलेल्या मुलाला ती मुभा नसते. तो शिकत असतानाच खपेल अशी शो-रील, म्हणजे आपल्या कामाच्या नमुन्यांची चित्रफीत, तयार करू लागतो आणि ज्या गोष्टीसाठी त्याने पैसे मोजले, ती गोष्ट त्या पैशांमुळेच त्याच्या हातून निसटते. म्हणून माझे म्हणणे असे आहे, की हे शिक्षण जरूर घ्यावे, परंतु ते सार्वजनिक खर्चाने मिळाले पाहिजे, आणि ठाणे-नवी मुंबईत तशी सोय करण्याजोगी परिस्थिती असताना ती न करणे ही निव्वळ अनास्था आहे.

'चित्रपट शिकवून येत नाही, तो सेटवर येतो' हे वाक्य आपल्याकडे म्हणीसारखे वापरले जाते आणि त्याला इतिहासाचा आधार आहे असे मानले जाते. तो आधार तपासून पाहावा. दादासाहेब फाळके यांना आपण स्वयंभू समजतो; पण ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते, छायाचित्रण आणि छपाई या दोन्ही व्यवसायांतून गेले होते, आणि १९१२ साली ते लंडनला गेले ते कॅमेरा विकत घेण्याबरोबरच चित्रपट कसा तयार होतो हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी. ब्रिटिश निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांना ते पाहायला मिळाले. या प्रवासासाठी त्यांनी विमा पॉलिसी गहाण ठेवली होती, हे माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जाते याची मला जाणीव आहे. मात्र त्यांनी तो धोका चाळिशी ओलांडल्यावर, व्यवसायाचा अनुभव गाठीशी असताना पत्करला होता, बाविसाव्या वर्षी नव्हे.

कोल्हापूरचे उदाहरण त्याहून बोलके आहे. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी ही एक प्रकारे शाळाच होती. व्ही. शांताराम, दामले आणि फत्तेलाल तिथे पडेल ते काम करत घडले, १९२९मध्ये बाहेर पडून त्यांनी सहकाऱ्यांसह प्रभात फिल्म कंपनी उभी केली आणि १९३३मध्ये ती पुण्याला आणली. या स्टुडिओंत लेखकापासून सुतारापर्यंत माणसे महिन्याच्या पगारावर असत. आज पौराणिक चित्रपटाचा मुकुट घडवायचा, उद्या कॅमेऱ्याला हात लावायचा, परवा संकलकाच्या मागे उभे राहायचे, हे शक्य होते, कारण महिनाअखेरीस घरी पगार जात होता. दुसऱ्या महायुद्धानंतर पगारी स्टुडिओंची ही व्यवस्था मोडली, चित्रपट करारावर आणि सावकारी पैशावर बनू लागले, आणि शिकाऊ माणसाला सांभाळून घेणारे कोणी उरले नाही. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ साली प्रशिक्षण संस्थेची शिफारस केली ती या पार्श्वभूमीवर. ती संस्था, म्हणजे आजची एफटीआयआय ही चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था, १९६०मध्ये पुण्यात सुरू झाली, आणि तीही बंद पडलेल्या प्रभातच्याच आवारात. सेट ही शाळा होती तेव्हा ती पगार देणारी शाळा होती. पगार संपला तेव्हा सरकारला शाळा काढावी लागली, असा हा क्रम आहे. म्हण वापरणारे त्याचा फक्त पूर्वार्ध सांगतात.

आज घोडबंदर रस्त्याच्या आजूबाजूला मराठी आणि हिंदी मालिकांचे सेट आहेत, आणि ठाण्यातल्या मुलांना ते रिक्षाच्या अंतरावर पडतात हे खरे आहे. तिथे बारा तासांची शिफ्ट असते, वाहतुकीच्या कोंडीचे तास वेगळे, रोजच्या भागाचे फुटेज रोज पुढे सरकावे लागते, आणि केलेल्या कामाचे पैसे अनेकदा नव्वद दिवसांनी हातात येतात. कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधले कपडे-वस्तू पुढच्या शॉटशी जुळतात की नाही याची नोंद, लिहिणारा सहायक तिथे पुष्कळ काही शिकतो. वेळेत काम उरकणे, नटांचा रागलोभ सांभाळणे, पाऊस आला तर अंगणातले दृश्य दिवाणखान्यात कसे बसवायचे, ही कौशल्ये मी कमी लेखत नाही. माझे काही जुने विद्यार्थी त्यांच्या जोरावर चांगले स्थिरावले आहेत. परंतु 'हा शॉट असाच का?' हे विचारायला तिथे सवड नसते, आणि विचारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बोलावणे येईलच अशी खात्री नसते. शिवाय सुरुवातीचे काही महिने फुकट किंवा नाममात्र पैशांत राबण्याची ज्याच्या घरची ऐपत असते, तोच सेटवर टिकतो. दिव्याहून किंवा कळव्याहून येणाऱ्या आणि घरभाड्यात वाटा उचलणाऱ्या मुलीला 'सेटवर शीक' असे सांगणे म्हणजे पोहायला न येणाऱ्याला खाडी दाखवण्यासारखे आहे.

मामा ज्या दिग्दर्शकांची नावे घेतात, त्यांच्याकडेही नीट पाहिले पाहिजे. चैतन्य ताम्हाणे कोणत्याही चित्रपट संस्थेत गेले नाहीत आणि २०१४ साली त्यांच्या पहिल्याच चित्रपटाला व्हेनिसमध्ये दोन सन्मान मिळाले. मात्र त्या चित्रपटाची पटकथा लिहिण्यासाठी त्यांना निर्माते आणि अभिनेते विवेक गोंबर यांनी आर्थिक पाठबळ दिले होते, म्हणजे स्वस्थपणे विचार करण्याचा वेळ कोणीतरी त्यांना विकत घेऊन दिला होता. आणि पुढे एका आंतरराष्ट्रीय गुरू-शिष्य योजनेखाली मेक्सिकन दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन यांच्या हाताखाली शिकण्याची संधीही त्यांना मिळाली. संस्था नव्हती, पण संस्था ज्या दोन गोष्टी देते त्या दोन्ही होत्या. नागराज मंजुळे यांचे उदाहरण तर उलट बाजूने वापरले जाते याचे मला नेहमी नवल वाटते. त्यांनी तेव्हाच्या अहमदनगरच्या एका महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम केला आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा त्यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपट त्या अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून तयार झाला. तिथे मोठ्या चित्रपट संस्थेचा बडेजाव नव्हता. जिल्ह्याच्या गावातले, परवडणाऱ्या शुल्काचे एक साधे महाविद्यालय होते, आणि विद्यार्थ्याला आपल्या गावाची गोष्ट आपल्या भाषेत सांगू देणारा एक अभ्यासक्रम होता. माझ्या मागणीला याहून चांगला दाखला मला सापडणार नाही.

सार्वजनिक संस्था म्हणजे सगळे आलबेल, असे मी म्हणत नाही. पुण्याच्या संस्थेत २०१५ साली विद्यार्थ्यांचा संप १३९ दिवस चालला. त्याच वर्षी २००८च्या तुकडीचे पदविका-प्रकल्प अपुरे असतानाच तपासण्यावरून वाद पेटला, यावरून तीन वर्षांचा अभ्यासक्रम किती लांबत होता हे कळते. डिसेंबर २०१९मध्ये दरवर्षीच्या दहा टक्के शुल्कवाढीविरुद्ध आणि प्रवेश परीक्षेच्या वाढत्या शुल्काविरुद्ध तिथल्या विद्यार्थ्यांनी उपोषण केले. याचा अर्थ सरकारी छत्राखालीही हे शिक्षण महाग होत चालले आहे. तरीसुद्धा २०२४ साली कान महोत्सवात पायल कपाडिया यांना ग्रां प्री हा तिथला दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळाला आणि चिदानंद नाईक यांनी संस्थेतल्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाच्या अखेरीस केलेल्या लघुपटाला विद्यार्थी विभागात पहिले पारितोषिक मिळाले. ही दोघेही याच संस्थेत शिकलेली. एवढ्या घोळातून हे निष्पन्न होऊ शकते, याचे श्रेय मी त्या वेळेला, त्या आवाराला आणि रात्री-अपरात्री चित्रपट पाहून एकमेकांशी भांडणाऱ्या तुकडीला देतो. अडचण एवढीच, की पुण्यात आणि १९९५ साली स्थापन झालेल्या कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत एकेका शाखेच्या जागा देशभरातून डझनभराच्या आसपास असतात. बाकीच्यांनी काय करावे?

बाकीचे कर्ज काढतात. खासगी संस्थेतल्या दोन वर्षांसाठी पंधरा लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले असे धरले, तर महिन्याचा हप्ता साधारण १९,८०० रुपये पडतो. सेटवरच्या नवख्या सहायकाच्या हाती महिन्याकाठी किती पडते, आणि तेही किती उशिरा, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे सांगायला नको. बँका ठरावीक रकमेपुढे तारण मागतात, आणि आपल्याकडे तारण म्हणजे बहुधा वडिलांचा वन-बीएचके. ते घर गहाण पडले, की मुलगी हप्ता फेडता येईल अशी पहिली नोकरी पकडते. जाहिरात संस्थेत समाजमाध्यमांसाठी तीस सेकंदांच्या चित्रफिती कापते, आणि पदव्युत्तर शिक्षणात लिहिलेली पटकथा लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात पडून राहते. या कामात कमीपणा काही नाही, पण त्यासाठी घर गहाण टाकण्याची गरज नव्हती. तेवढ्यासाठी वाशीचा सहा महिन्यांचा वर्ग पुरला असता.

परदेशाचे गणित आणखी अवघड आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टिश कला विद्यालयात चित्रपटाचे एम.एफ.ए. तीन वर्षांचे असते आणि नुसते शुल्कच वर्षाला साठ हजार डॉलरच्या वर जाते. याउलट प्रागची १९४६ सालची फामू किंवा पोलंडमधल्या वूच शहरातली १९४८ सालची चित्रपट शाळा या सरकारी संस्था असून त्या त्या देशाच्या भाषेत शिकणाऱ्यांना तिथले शिक्षण जवळजवळ मोफत असते. इंग्रजीतून शिकायचे असेल तर मात्र पैसे मोजावे लागतात. या देशांनी सरकारी खर्चाने ही सोय केली, आणि आंद्रेई वायदा यांच्यासारखे दिग्दर्शक त्यातून निघाले. आपल्या राज्याच्या परदेश शिष्यवृत्त्यांना जागतिक क्रमवारीतल्या विद्यापीठांची अट असते, आणि केवळ कला शिकवणाऱ्या छोट्या संस्था त्या सर्वसाधारण क्रमवारीत बहुधा नसतातच. त्यामुळे शिष्यवृत्ती मिळण्याइतकी गुणी मुलगीही चित्रपटासाठी योग्य त्या जागी जाऊ शकत नाही, ही त्या योजनेतली एक दुरुस्त करता येण्याजोगी त्रुटी आहे.

आता ठाणे-नवी मुंबईकडे येतो. नव्या विमानतळाजवळ सिडको हे राज्य सरकारचे नगरविकास महामंडळ 'एज्युसिटी' हे शिक्षणसंकुल उभारणार आहे, आणि जून २०२५मध्ये ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची एक डिझाइन संस्था अशा पाच परदेशी संस्थांना मुंबई-नवी मुंबईत येण्यासाठी इरादापत्रे देण्यात आली. त्यांच्यापैकी काहींकडे सर्जनशील कलांचे अभ्यासक्रम आहेत. त्यांना माझा विरोध नाही, पण त्यांचे शुल्क कोणाला परवडणार हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसवले आणि शिक्षणसंस्थांना सवलतीच्या दराने भूखंड दिले. त्या भूखंडांवर अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि व्यवस्थापनाची महाविद्यालये उभी राहिली. गावठाणातल्या आगरी-कोळी घरांतल्या नातवंडांना आपल्या आजोबांची जमीन कशी गेली, संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळवण्याचा लढा कसा झाला, हे चित्रपटात सांगावेसे वाटले, तर ते शिकायला त्यांच्या जमिनीवर उभ्या असलेल्या शहरात सार्वजनिक जागा असू नये, हे मला विसंगत वाटते. ठाण्यात बाळकुमला मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह आणि वाशीचे भावे नाट्यगृह या महापालिकांच्या वास्तू आहेत. घोडबंदरचे सेट आहेत. १८९३पासूनचे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. दरवर्षी वीस विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन दोन वर्षांचा चित्रपट व माध्यमकलांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करायला याहून फार काही लागत नाही; सेटवरच्या अनुभवी छायाचित्रकाराला आठवड्यातून एक दिवस मानधनावर बोलावणेही इथे जमेल, जे नगरला जमले नसते.

२०२५मध्ये मुंबईत केंद्र सरकारच्या पुढाकाराने ॲनिमेशन, व्हीएफएक्स (संगणकीय दृश्यपरिणाम) आणि गेमिंगसाठी सर्जनशील तंत्रज्ञान संस्था सुरू झाली, मग आणखी वेगळे कशाला, असे कोणी विचारील. उद्योगाला हवे ते मनुष्यबळ तयार करणे हे तिचे काम आहे आणि ते तिने करावे. पण हत्यारे झपाट्याने बदलत आहेत. ज्या रोटोस्कोपिंगच्या, म्हणजे दृश्यातली आकृती फ्रेमगणिक रेखून वेगळी काढण्याच्या, कामावर काल शेकडो मुले बसत होती, त्याचा मोठा भाग आज यंत्र करते. मी मागतो आहे तो अभ्यासक्रम मराठीतून विचार करायला लावणारा हवा. आपल्या मुलांना पटकथेतले संवाद मराठीत सुचतात आणि प्रकल्पाचे टिपण मात्र इंग्रजीत लिहावे लागते. दोहोंच्या मध्ये जे गळते ते परीक्षकांना कधी दिसतच नाही. हुशार विद्यार्थिनी केवळ 'स्टेटमेंट ऑफ पर्पज', म्हणजे प्रवेशासाठीचे हेतुपत्र, घोटीव इंग्रजीत लिहिता न आल्यामुळे मागे राहिल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. त्या टिपणांच्या दुरुस्त्या मीच करतो, त्यामुळे या दोषात माझाही वाटा आहे.

पैशाचे काय? राज्य सरकार मराठी चित्रपटांना दर्जानुसार अनुदान देते. अनेक वर्षे 'अ' दर्जाच्या चित्रपटासाठी ४० लाख आणि 'ब' दर्जासाठी ३० लाख हा त्याचा आकडा राहिला आहे. वीस विद्यार्थ्यांना पदविका-चित्रपटासाठी प्रत्येकी पाच लाख दिले, जे आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या काळात उदार म्हणावे लागेल, तरी एक कोटी होतात. 'अ' दर्जाच्या तीन चित्रपटांच्या अनुदानापेक्षा कमी. अनुदान बंद करा असे मी म्हणत नाही. चित्रपट तयार झाल्यावर त्याच्या निर्मात्याला पैसे देणारे सरकार, तो तयार करू शकणाऱ्या माणसाच्या शिक्षणावर मात्र खर्च करत नाही, हा उलटा हिशेब आहे एवढेच. दरवर्षी वीस दिग्दर्शक कशाला हवेत, या आक्षेपाला उत्तर सोपे आहे: सगळे दिग्दर्शक होणार नाहीत. कोणी ध्वनीकडे वळेल, कोणी संग्रहालयात किंवा शाळेत जाईल, कोणी मालिकाच लिहील, आणि कदाचित ती आजच्यापेक्षा बरी असेल.

या वर्षी शिफारसपत्रासाठी आलेल्या मुलींपैकी एकीला एका खासगी संस्थेत जागा मिळाली आहे आणि पुण्याच्या यादीत तिचे नाव थोडक्यात हुकले. शुल्काचा पहिला हप्ता भरायची मुदत जवळ आली आहे. तिच्या वडिलांनी मला विचारले, की सर, घेऊ का कर्ज? हा सगळा युक्तिवाद माझ्याकडे तयार असूनही त्यांना मी सरळ उत्तर देऊ शकलो नाही. एक वर्ष थांबून पुण्याची परीक्षा पुन्हा द्यावी आणि दरम्यान आठवड्यातले तीन दिवस सेटवर जावे, असे मी तिला सुचवले आहे. बाळकुमच्या उपकेंद्रावरून तिची बस रोज जाते.